उत्तम गुन्हेगारी कादंबऱ्या कशा शोधाव्यात: आधी आपला प्रश्न ओळखा

रहस्यकथांच्या वाचकाला एक अडचण हमखास येते. एखादी कादंबरी हाती लागते, रात्र जागवून संपते, आणि मग महिनाभर तसं दुसरं काही सापडत नाही. कुणीतरी ‘सर्वोत्तम शंभर’ची यादी पाठवतं. त्यातली तीन पुस्तकं आणली तर एक आवडतं, एक अर्ध्यावर राहतं आणि तिसरं वीस पानांनंतर मिटलं जातं. दोष बहुतेक वेळा त्या पुस्तकांचा नसतो. ‘गुन्हेगारी कादंबरी’ या एकाच नावाखाली एकमेकांशी फारसं नातं नसलेले प्रकार नांदतात.

याद्यांचंच बघा. ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेनं १९९० साली शंभर पुस्तकांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक जोसेफिन टे यांच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ला (१९५१) मिळाला. त्यातला पोलिस अधिकारी पाय मोडून रुग्णालयात पडलेला असतो आणि इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड यानं खरंच आपल्या पुतण्यांचा खून केला का, याचा तपास पलंगावरूनच करतो. प्रकरण साडेचारशे वर्षांहून जुनं! पाच वर्षांनी अमेरिकेतल्या लेखकांनी अशीच यादी केली आणि तिच्या अग्रभागी शेरलॉक होम्सच्या समग्र कथा ठेवल्या. दोन्ही निवडी चांगल्याच आहेत. पण तुम्हाला अंधाऱ्या गल्लीतला पाठलाग हवा असेल तर पहिली कादंबरी तुमच्यासाठी नाही, हे कुठलीच यादी सांगणार नाही.

म्हणून मी सुरुवात यादीपासून करत नाही, वाचकापासून करते.

पहिली पायरी: कुठल्या प्रश्नानं पानं उलटायला लावली?

तुम्हाला शेवटची मनापासून आवडलेली रहस्यकथा आठवा. आता पुस्तक खाली ठेववेना, ती जागा आठवा. त्या क्षणी तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं? उत्तर एका वाक्यात कागदावर लिहा. बहुतेकांचं उत्तर पाचांपैकी एका प्रश्नात बसतं: खून कोणी केला, कसा केला, का केला, करणारा सापडेल का, आणि हे इथेच का घडलं?

*कोणी?* हा प्रश्न तुमचा असेल तर अगाथा ख्रिस्तीला टाळून पुढे जाता येत नाही. तिच्या ६६ रहस्यकादंबऱ्यांपैकी सगळ्या सारख्या उतरलेल्या नाहीत. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) आधी वाचा, कारण तिचा शेवट कुणीतरी तुमच्यासमोर बोलून टाकण्याची शक्यता फार मोठी आहे. मला तो एका जुन्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वाचायला मिळाला, पहिलं प्रकरण उघडण्याच्या आधीच. त्याची हळहळ अजून आहे. तेव्हापासून रहस्यकथेची प्रस्तावना मी नेहमी शेवटी वाचते आणि तुम्हालाही तेच सांगेन. त्यानंतर ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) आणि ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) घ्या.

या प्रकाराचं मर्म म्हणजे वाचकाशी प्रामाणिक खेळ. तपास करणाऱ्याला जे धागेदोरे दिसतात, ते वाचकालाही दिसले पाहिजेत. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली त्याचे दहा नियमच लिहून काढले होते. इंग्लंडमध्ये ही लाट ओसरली तरी जपानमध्ये ती जिवंत राहिली. सेइशी योकोमिझो यांची ‘द होंजिन मर्डर्स’ १९४६ सालची आहे. युकितो अयात्सुजी यांच्या ‘द डेकॅगॉन हाउस मर्डर्स’मध्ये (१९८७) बेटावर गेलेले विद्यार्थी एकमेकांना जुन्या रहस्यकथाकारांच्या नावांनी हाका मारतात. ख्रिस्ती संपली म्हणून खंतावणाऱ्या वाचकानं इंग्लंडमध्येच घुटमळू नये, सरळ जपान गाठावं.

*कसं?* आतून कडी लावलेली खोली, आत प्रेत आणि खुनी गायब. या कोड्याचा सगळ्यात मोठा कारागीर जॉन डिक्सन कार. त्याच्या ‘द हॉलो मॅन’मध्ये (१९३५) एक अख्खं प्रकरण असं आहे, की तपास करणारे डॉक्टर फेल कथा थांबवतात आणि बंद खोलीतला खून किती रीतींनी करता येतो याचं व्याख्यानच देतात. ‘कसं’ची वेगळी तऱ्हा केइगो हिगाशिनोच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’मध्ये (२००५) आहे. खून आपल्या डोळ्यांदेखत होतो, करणारी व्यक्ती ठाऊक असते, तरी शेवटी आपण चकित होतो. एकच जपानी रहस्यकथा वाचायची असेल तर मी हीच सुचवते.

*का?* या प्रश्नाबद्दल पुढच्या पायरीत सविस्तर लिहिलं आहे.

*सापडेल का?* इथे आपण गुन्हेगाराच्या डोक्यात बसलेले असतो. फ्रान्सिस आइल्स यांच्या ‘मॅलिस अफोरथॉट’चा (१९३१) नायक बायकोचा खून करायचं ठरवतो, हे सुरुवातीलाच कळतं. जेम्स केनची ‘द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस’ (१९३४) एका बैठकीत संपेल इतकी लहान आहे आणि तिच्यात फालतू शब्द शोधून सापडत नाही. पॅट्रिशिया हायस्मिथची ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) वाचताना तर खुनी सुटावा अशी इच्छा आपल्याच मनात उगवते आणि आपण दचकतो. सगळ्यांना ते सोसत नाही. सोसत नसेल तर या फांदीवरून खुशाल उतरा.

*इथेच का?* माझा स्वतःचा प्रश्न हा. त्यामुळे स्थळांच्या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे.

दुसरी पायरी: पहिली वीस पानं तपासा

मलपृष्ठावर विसंबू नका. तिथे प्रत्येक पुस्तक ‘खिळवून ठेवणारं’ असतं. पहिली वीस पानं उभ्या उभ्या वाचा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, लेखक काय लपवतोय आणि काय उघड करतोय. याचं माझं आवडतं उदाहरण रूथ रेंडेल यांची ‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७). पहिल्याच वाक्यात खुनी बाईचं नाव येतं, कुठल्या कुटुंबाला तिनं मारलं ते येतं आणि कारणही येतं: तिला लिहितावाचता येत नव्हतं. ‘कोणी’ची हौस असलेला वाचक इथेच पुस्तक ठेवून देईल. पण तुमचा प्रश्न ‘का’ असेल, तर त्या एका वाक्यानं तुम्ही अडकता. निरक्षरपणामुळे कुणी खून कसा करेल? कामवाली म्हणून त्या पुस्तकवेड्या घरात आलेल्या बाईसमोर ठेवलेली प्रत्येक चिठ्ठी आणि सामानाची प्रत्येक यादी मग धोक्याची घंटा वाटू लागते. ती किती आटापिटा करून आपलं गुपित जपते, हे बघताना तिची कीवही येते आणि भीतीही वाटते. शेवट ठाऊक असूनही श्वास रोखायला लावणारं याच्या तोडीचं पुस्तक माझ्या वाचनात फार थोडं आहे.

दुसरी गोष्ट, सांगणारा कोण आहे. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’मध्ये (१८६८) श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडला गेलेल्या हिऱ्याची चोरी होते आणि ती कथा एकामागून एक साक्षीदार सांगत जातात. प्रत्येकाचा आवाज निराळा, प्रत्येकाला दिसलेलं सत्य अर्धवट. याउलट डॅशिएल हॅमेटच्या ‘द मॉल्टीज फाल्कन’मध्ये (१९३०) नायकाच्या मनात काय चाललंय ते लेखक एकदाही सांगत नाही. तो सिगारेट कशी वळतो, कुणाकडे कसा बघतो एवढंच दिसतं. हॅमेटनं स्वतः पिंकर्टन या खासगी तपाससंस्थेत नोकरी केली होती, ते त्या कोरड्या नजरेत जाणवतं. रेमंड चँडलरचा खासगी गुप्तहेर मार्लो मात्र स्वतःच बोलतो आणि ‘द बिग स्लीप’ (१९३९) त्याच्या बोलण्यासाठीच वाचायची. कथानकाची गुंतागुंत सुटली नाही तरी बिघडत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मेलेल्या माणसाकडे लेखक कसा बघतो? कोड्याला एक प्रेत लागतं म्हणून ते तिथे पडलंय, की ते एक जगलेलं माणूस होतं? कोड्याच्या कथेत पहिलं चालतं, तो त्या खेळाचा नियमच आहे. पण गंभीर असल्याचा आव आणणाऱ्या कादंबरीत मृताला चेहराच नसेल, वर्णन फक्त जखमांचं असेल, तर मी विसाव्या पानावर पुस्तक मिटते.

तिसरी पायरी: गुन्हा उचलून दुसऱ्या गावात ठेवून बघा

वेगवेगळ्या देशांतल्या गुन्हेकथा वाचायच्या तर एक कसोटी नेहमी हाताशी ठेवावी. कथेतला गुन्हा मनातल्या मनात उचलायचा आणि दुसऱ्या शहरात ठेवायचा. तो तिथेही तसाच घडत असेल, तर स्थळ नुसतं पडद्यावरचं चित्र आहे. कोसळत असेल, तर पुस्तक घ्यायचं.

सेइचो मात्सुमोतो यांची ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ (१९५८) घ्या. समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष आणि एक स्त्री मृतावस्थेत सापडतात. प्रेमी युगुलानं विष घेतलं, असं सगळ्यांना वाटतं. एका वयस्कर स्थानिक पोलिसाला मात्र मृताच्या खिशात रेल्वेच्या डायनिंग कारचं बिल सापडतं, फक्त एका माणसाच्या जेवणाचं. दोघं बरोबर निघाली होती, मग तो एकटाच का जेवला? तिकडे टोकियो स्थानकावर त्या दोघांना गाडीत चढताना पाहणारे साक्षीदार आहेत. पण १३ नंबरच्या फलाटावरून १५ नंबरचा फलाट दिसायचा, तर मधल्या रुळांवर एकही गाडी नसावी लागते, आणि तशी मोकळी नजर संध्याकाळी फक्त चार मिनिटं मिळते, ५.५७ ते ६.०१. ते साक्षीदार नेमके त्याच चार मिनिटांत तिथे कसे? ज्या देशात गाड्या मिनिटाबरहुकूम धावतात, तिथेच हा गुन्हा रचता येतो. दुसऱ्या कुठल्या रेल्वेवर ठेवला की अख्खी कादंबरी मोडून पडते.

लिओनार्दो शाशा यांची ‘द डे ऑफ द आउल’ (१९६१) सिसिलीतली. पहाटे चौकातून बस सुटतेय, एक माणूस धावत येऊन पायरीवर पाय ठेवतो आणि गोळ्या लागून पडतो. पोलिस येईपर्यंत उतारू पांगलेले असतात. चौकातच खाद्यपदार्थ विकत बसलेल्या माणसाला विचारलं, तर तोच उलट विचारतो, गोळीबार झाला का? पाहूनही न पाहिलेलं एक अख्खं गाव! माफियाचं अस्तित्वच नाकारण्याच्या काळात लिहिलेली ही कादंबरी सव्वाशे-दीडशे पानांची आहे, आणि तिच्यात तपासापेक्षा ती शांतताच मोठी आहे. तिच्या नंतर आंद्रेआ कामिल्लेरींचा इन्स्पेक्टर मोंताल्बानो वाचा (पहिलं पुस्तक ‘द शेप ऑफ वॉटर’, १९९४). बेट तेच, पण इथे ऊन आहे, समुद्र आहे, भांडणं आहेत.

उत्तरेकडे वळलात तर स्वीडनपासून सुरुवात करा आणि थेट मुळाशी जा. माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्यानं १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलिस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीत, ‘रोझअ‍ॅना’मध्ये, कालव्यातला गाळ उपसताना एका तरुणीचं प्रेत वर येतं. ती कोण हे कळायलाच महिने लागतात. पोलिस वाट बघतात, पत्रं पाठवतात, सर्दीनं हैराण होतात. या कंटाळ्यातूनच ताण उभा राहतो आणि सुखवस्तू म्हणवणाऱ्या समाजाच्या भेगा दिसू लागतात. हेनिंग मँकेलचा पोलिस अधिकारी वलांडर (‘फेसलेस किलर्स’, १९९१) आणि आइसलँडच्या आर्नाल्दुर इंद्रिदासन यांच्या कादंबऱ्या याच मुळावर वाढल्या.

असंच पुढे जाता येतं. मियुकी मियाबेंच्या ‘ऑल शी वॉज वर्थ’मध्ये (१९९२) एक तरुणी बेपत्ता होते आणि शोध क्रेडिट कार्डाच्या कर्जात बुडालेल्या माणसांपर्यंत पोचतो. नात्सुओ किरिनो यांच्या ‘आउट’मध्ये (१९९७) जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या चार बायका आहेत. वॉल्टर मोझली यांच्या ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’चं (१९९०) लॉस एंजेलिस चँडलरचंच, फक्त बघणारा कृष्णवर्णीय असल्यामुळे तेच रस्ते अगदी वेगळे दिसतात. ‘द बिग स्लीप’ आणि हे पुस्तक लागोपाठ वाचण्यात मोठी गंमत आहे. उम्बर्तो एको तर ‘द नेम ऑफ द रोझ’मध्ये (१९८०) तपास १३२७ सालच्या मठात नेतात. तिची पहिली शंभर पानं चढणीची आहेत, पण चढावीत.

बाहेरून लिहिणारा आणि आतून लिहिणारा हा फरकही लक्षात ठेवा. एच. आर. एफ. कीटिंग यांनी इन्स्पेक्टर घोटेची पहिली मुंबईकथा १९६४ साली लिहिली, तेव्हा त्यांनी भारत पाहिलेलाही नव्हता. पुढे दहाएक वर्षांनी ते प्रथम इथे आले. माणूस म्हणून घोटे जिवंत आहे, शहर मात्र ऐकीव वाटतं. त्याच्या शेजारी विक्रम चंद्रा यांची ‘सेक्रेड गेम्स’ (२००६) ठेवली की फरक दिसतो.

चौथी पायरी: आपल्या भाषांतली मुळं विसरू नका

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं ऐकून आजही कित्येकांचे डोळे चमकतात. वेग कसा असावा ते तिथे शिकावं. सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंद, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास या मालिकांची भाषा जास्त तरुण आहे. बंगालीतला शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो, आणि त्या एका शब्दात त्याची सारी वृत्ती आहे. उर्दूत इब्ने सफी आहेत. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स ज्यांनी लहानपणी वाचला, त्यांना अनुवादातून परकं जग कसं आपलं होतं हे वेगळं सांगायला नको.

पाचवी पायरी: माग काढा

पुरस्कारांचा उपयोग होतो, पण विजेत्यापेक्षा अंतिम यादी बघा. बक्षीस एकालाच मिळतं, तुमच्या आवडीचं पुस्तक त्या पाच-सहांतलं कुठलंही असू शकतं. अमेरिकेतला एडगर पुरस्कार १९४६ पासून दिला जातो. नॉर्डिक देशांचा ‘ग्लास की’ १९९२ पासून आहे, आणि त्याचं नाव हॅमेटच्या कादंबरीवरून घेतलं आहे. इंग्रजीत अनुवादित झालेल्या गुन्हेकथांसाठी ब्रिटनमध्ये २००६ पासून स्वतंत्र ‘डॅगर’ पुरस्कार दिला जातो (सुरुवातीचं नाव ‘इंटरनॅशनल डॅगर’). देशोदेशीच्या लेखकांची ओळख करून घ्यायला यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही.

दुसरा माग घराण्याचा. लेखक कुणाचं ऋण मानतो ते बघा. जपानी रहस्यकथाकार एदोगावा राम्पो यांचं हे टोपणनाव म्हणजे एडगर अ‍ॅलन पोचाच जपानी उच्चार. मोंताल्बानोचं नाव कामिल्लेरींनी स्पॅनिश लेखक मानुएल वाझकेझ मोंतालबान यांच्यावरून ठेवलं. एक नाव आवडलं की त्याच्या मागचं नाव शोधायचं, वाट आपोआप लांबत जाते.

मालिका असेल तर क्रम आधी तपासा. अनुवाद मूळ क्रमानं येतातच असं नाही. नॉर्वेच्या यो नेस्बोची, पोलिस अधिकारी हॅरी होलची पहिली कादंबरी १९९७ सालची, पण ती इंग्रजीत आली २०१२ मध्ये, पुढची कित्येक पुस्तकं गाजून गेल्यावर. मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या क्रमानंच वाचा, ती खरं तर एकच दीर्घ कादंबरी आहे. सिमेनॉनच्या, पोलिस अधिकारी मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या मात्र कुठूनही उचला. शिवाय एकच पुस्तक दोन नावांनी मिळू शकतं: इंद्रिदासन यांची ‘जार सिटी’ इंग्रजीत ‘टेंटेड ब्लड’ म्हणूनही छापली गेली आहे. म्हणून पुस्तकाच्या आतल्या पानावरचं मूळ भाषेतलं नाव आणि साल वाचायची सवय लावून घ्या.

सहावी पायरी: वही ठेवा

प्रत्येक पुस्तकाला चार ओळी पुरतात. प्रश्न कोणता होता, स्थळ कुठलं, मी कितव्या पानावर अडकले, आणि या पुस्तकानं पुढच्या कुठल्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. अर्धवट सोडलेली पुस्तकंही लिहा आणि का सोडलं तेही लिहा. दहा नोंदी झाल्या की स्वतःची आवड दिसायला लागते, आणि कधी कधी आपण समजत होतो त्यापेक्षा ती भलतीच निघते. आपल्याला ‘कोणी’ आवडतं असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. वहीत बघितलं तर जागून वाचलेल्या दहांपैकी सात पुस्तकांत खुनी आधीच ठाऊक होता.

एक ओळ दुसऱ्या वाचनासाठी मोकळी सोडा. उत्तर माहीत असताना कोड्याची कादंबरी पुन्हा वाचली, की लेखकानं सत्य कुठल्या वाक्यात आपल्या नाकासमोर ठेवलं होतं ते दिसतं. ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ दुसऱ्यांदा वाचताना मी डायनिंग कारच्या त्या बिलापाशी थांबले. पहिल्या खेपेला त्या म्हाताऱ्या पोलिसाबरोबर मीही बिलावरचा आकडाच बघत बसले होते. या खेपेला त्याच प्रकरणात, काही ओळी अलीकडे-पलीकडे, आणखी काय काय मांडून ठेवलंय ते पेन्सिलीनं खुणा करत वाचलं, आणि त्या रात्री वहीत चारऐवजी अकरा ओळी झाल्या.